जिथे डागणी पोचत नाही

एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हृदयाचे वरचे कप्पे ठेक्यात आकुंचन पावायचे सोडून नुसते थरथरत राहतात. आखातात हा आजार तुलनेने लवकर गाठतो. कतारसह सहा आखाती देशांमधल्या २,०४३ रुग्णांच्या ‘गल्फ सेफ’ या नोंदणीत (२००९-१०) सरासरी वय ५७ निघाले. पाश्चात्त्य नोंदण्यांत ते साधारण सत्तरीच्या आसपास असते. इथली लोकसंख्याच तरुण, हा भाग त्यात असणारच. पण सत्तावन्नाव्या वर्षी ‘गोळ्या घ्या आणि चालवून न्या’ हे उत्तर वीस-पंचवीस वर्षे पुरवावे लागते. दोह्यात हमद मेडिकल कॉर्पोरेशनचे हार्ट हॉस्पिटल २०११पासून आहे. अशा केंद्रांनी हृदयातला बिघडलेला भाग अल्कोहोलने निकामी करणाऱ्या ‘अल्कोहोल ॲब्लेशन’ला ठरावीक रुग्णांसाठी जागा द्यावी, सरसकट नव्हे, असे माझे मत आहे.

बोर्दोच्या हायसागेर यांनी १९९८ साली दाखवले, की हा गोंधळ बहुधा फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी सुरू होतो. तेव्हापासून ती तोंडे आतून डागून वेगळी करतात. महिनोन् महिने टिकलेल्या आजारात मात्र तेवढ्याने भागत नाही. डाव्या वरच्या कप्प्याच्या बाहेरच्या अंगाला मार्शलची शीर असते. जॉन मार्शल यांनी १८५०मध्ये वर्णिलेला हा गर्भावस्थेतल्या एका मोठ्या शिरेचा अवशेष. तिच्या भोवतीच्या स्नायूंच्या धाग्यांतून आणि मज्जातंतूंतून खोडसाळ विद्युतलहरी निघतात. आतून दिलेली उष्णता तिथवर जेमतेम पोचते, कारण मध्ये चरबी असते आणि शेजारच्या शिरेतले वाहते रक्त उष्णता काढून नेते. मग डॉक्टर उलट्या वाटेने जातात. मांडीतून किंवा मानेतून कॅथेटर हृदयाच्या मुख्य शिरेत, तिथून तार मार्शलच्या बारीक तोंडात. अँजिओप्लास्टीचा छोटा फुगा फुगवून तोंड बंद करायचे, रंगद्रव्य सोडून शिरेच्या फांद्या पडद्यावर पाहायच्या आणि तार काढून जवळपास शुद्ध अल्कोहोल सावकाश, एकेक मिलिलिटर सोडायचे. ते पेशींतले पाणी ओढते, प्रथिने गोठवते. आधी आणि नंतर काढलेल्या विद्युत-नकाशांत तेवढा पट्टा मृत झालेला दिसतो.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप २०१५च्या ‘स्टार एएफ टू’ चाचणीचा आहे. ५८९ रुग्णांत शिरांच्या तोंडांखेरीज जास्त डागण्याने काहीच फायदा झाला नाही. मग आणखी एक जखम कशाला? मला वाटते, त्या निकालाने जास्त जखमांची व्यर्थता दाखवली. नेमक्या जागी आरपार जाणाऱ्या जखमेची नाही. अर्धवट डागलेली रेघ तर नव्या वळशांना वाटच देते. २०२०च्या ‘व्हीनस’ चाचणीत ३४३ रुग्ण होते. अल्कोहोलची जोड मिळालेल्यांपैकी ४९.२ टक्के, तर नुसत्या डागणीच्या गटातले ३८ टक्के एकाच उपचारानंतर आजारातून मोकळे राहिले. फरक अकरा टक्क्यांचा. तो क्षुल्लक नाही, पण निम्मे तरीही बरे होत नाहीत, हे जाहिरातींनी विसरू नये.

उष्णतेऐवजी विद्युत-झटके देणाऱ्या नव्या पल्स्ड फील्ड तंत्रामुळे हे जुने पडेल, असे कोणी म्हणेल. शिरांच्या तोंडांपुरते ते खरेही ठरेल. पण त्या झटक्यांनी हृदयाची जवळची रोहिणी अचानक आकसल्याच्या नोंदी आहेत आणि मार्शलच्या परिसरात रोहिणी अगदी शेजारी असते. कतारमध्ये अल्कोहोल या शब्दानेच भुवया उंचावतील, पण काही मिलिलिटर द्रव स्नायूत मुरतो, नशा आणत नाही. सुईआधी कातडी पुसायलाही अल्कोहोल लागतेच. खरी अडचण हाताच्या कौशल्याची आहे. ‘व्हीनस’मध्ये अल्कोहोलसाठी निवडलेल्या १८५ जणांपैकी १५५ जणांनाच ते देता आले. तार टोचून हृदयाभोवती द्रव साचण्याचा धोकाही असतो. म्हणून अधूनमधून ठोके चुकणाऱ्याला याची गरज नाही. वर्षानुवर्षांचा आजार किंवा डागूनही परतलेला त्रास असेल, तरच ती शीर शोधावी.