मनाची चाहूल खरी ठरते का?

समजा हिवरा आश्रमातील एका आजीला रात्री वाईट स्वप्न पडले. सकाळी मेहकरला परीक्षेसाठी निघालेल्या नातीला ती म्हणते, "आज येष्टीनं नको जाऊ वं माय!" नातीने पेपर बुडवावा काय? हे ठरवण्यापूर्वी अशा चाहुली कितीदा खऱ्या ठरतात, ते पाहायला हवे.

जुळलेले स्वप्न लोक वर्षानुवर्षे सांगतात. न जुळलेले दुपारपर्यंत विसरतात. आता थोडे गणित करू. एखादे स्वप्न निव्वळ योगायोगाने खरे ठरण्याची शक्यता दहा हजारांत एक धरा. हजार वस्तीच्या गावात प्रत्येकाला रोज एक स्वप्न पडले, तर वर्षाला ३,६५,००० स्वप्ने होतात. म्हणजे सुमारे ३६ स्वप्ने आपोआपच 'खरी' ठरतील!

म्हणून तपासाची पहिली अट अशी, की चाहूल घटनेपूर्वीच लिहिलेली हवी. ऑक्टोबर १९६६ मध्ये वेल्समधील ॲबरफॅन येथे कोळसा खाणीच्या मातीचा ढिगारा शाळेवर व घरांवर कोसळला. त्यात १४४ जण दगावले. त्यांपैकी ११६ मुले होती. आपल्याला हे आधीच जाणवले होते, असे अनेकांनी नंतर सांगितले. तेव्हा डॉ. जॉन बार्कर या मानसोपचारतज्ज्ञांनी लंडनच्या एका वृत्तपत्राच्या साह्याने १९६७ पासून लोकांच्या चाहुली आधीच नोंदवून घेतल्या. ७२३ नोंदींपैकी जुळल्या अवघ्या १८, म्हणजे चाळिसांत एक!

दुसरी अट म्हणजे योगायोगाशी तुलना. २००८ साली डॉ. जयंत नारळीकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील ज्योतिषांची अशी चाचणी घेतली. प्रत्येकाला ४० पत्रिका दिल्या. पत्रिका हुशार मुलाची की बौद्धिक दिव्यांग मुलाची, एवढेच सांगायचे होते. २७ जणांची उत्तरे आली. सरासरी ४६ टक्के बरोबर. नुसते नाणे उडवले असते, तरी सुमारे ५० टक्के उत्तरे जुळली असती.

हा प्रयोग तुमच्या वर्गातही होईल. एक वही करा. काय घडेल, कोठे आणि किती दिवसांत, हे तारखेसह लिहा. 'काहीतरी वाईट होईल' अशी मोघम नोंद घेऊ नका. ती कशालाही जुळते. वही शिक्षकांकडे ठेवा आणि वर्षअखेर सर्व नोंदी मोजा. चुकलेली नोंद मात्र कोणीही खोडायची नाही!