हिमालयातील ट्राउट आणि कृत्रिम माशी

काश्मीरमधील लिद्दर, ब्रिंगी आणि सिंध या प्रवाहांच्या काठी, तसेच हिमाचल प्रदेशातील तीर्थन, ऊहल व बास्पा नद्यांवर, मत्स्यव्यवसाय खात्याचा परवाना घेऊन गळ टाकणारे शौकीन उन्हाळ्यात दिसतात. त्यांच्या गळाला गांडूळ नसते की कणकेची गोळी नसते. पिसे, लोकर आणि रेशमी धागा गळाभोवती गुंडाळून तयार केलेली कृत्रिम माशी हेच त्यांचे आमिष होय. ज्या माशासाठी हा खटाटोप करावयाचा, तो ट्राउट मूळचा येथला नव्हे. १९०० साली स्कॉटलंडहून आणलेली अंडी काश्मीरमध्ये जगली आणि तेथून पुढे कुलूच्या खोऱ्यात या माशाचा प्रसार झाला. दक्षिणेत नीलगिरी पर्वतावरही त्याच सुमारास ट्राउटचे बीजोत्पादन सुरू झाले.

माशासोबत त्याला पकडण्याची विद्याही आली. या विद्येत प्रथम लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी की, कृत्रिम माशीला वजन जवळजवळ नसते. साध्या गळाला शिशाचे वजन बांधून तो दूर फेकता येतो; येथे ते वजन दोरीतच असावे लागते. काठी मागे नेली की जाड दोरी हवेत मागे उलगडते आणि ती पूर्ण उलगडल्यावर काठी पुढे आणावयाची असते. नवशिका मधला क्षण थांबत नाही. परिणामी आसुडासारखा आवाज होतो आणि टोकाची माशी तुटून जाते.

आसुडाची ही उपमा केवळ आवाजापुरती नाही. आसूड मुठीकडे जाड असून शेंड्याकडे निमुळता होत जातो, म्हणूनच हाताचा जोर शेवटपर्यंत पोहोचतो. जाड दोरी आणि माशी यांच्यामधला पारदर्शक धागा, ज्याला लीडर म्हणतात, तो याच तत्त्वावर बनविलेला असतो. पूर्वी त्यासाठी घोड्याच्या शेपटीचे केस वळीत. पुढे रेशमाच्या किड्याच्या ग्रंथीपासून काढलेली तात वापरात आली. ती वापरण्यापूर्वी भिजवून मऊ करावी लागे. नायलॉन आल्यावर हा त्रास संपला.

तयार लीडर विकत मिळतो, परंतु तो घरी बांधणे कठीण नाही. नऊ फुटांच्या लीडरचा साठ टक्के भाग जाड, वीस टक्के मधला उतरता आणि उरलेला वीस टक्के बारीक असावा, हे प्रमाण रूढ आहे. त्यानुसार दोरीकडून आरंभ करून ०.५० मिलिमीटर जाडीचा ९० सेंटिमीटर, ०.४५ चा ४५ आणि ०.४० चा ३० सेंटिमीटर धागा घ्यावा. त्यापुढे ०.३५, ०.३० आणि ०.२५ चे अठरा-अठरा सेंटिमीटरचे तुकडे आणि शेवटी ०.२० चा सुमारे ५४ सेंटिमीटरचा शेंडा. लगतच्या दोन तुकड्यांच्या जाडीत यापेक्षा फार अंतर पडले तर गाठ घसरते. सांधताना दोन टोके एकमेकांवर आडवी ठेवून प्रत्येकाचे दुसऱ्याभोवती पाच-पाच वेढे द्यावेत, मधल्या फटीतून दोन्ही टोके विरुद्ध दिशांनी ओवावीत आणि आवळण्यापूर्वी गाठ ओली करावी. कोरडी गाठ आवळल्यास घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन कमजोर होते. मासा निसटल्यावर दोष धाग्याला दिला जातो; प्रत्यक्षात तो बहुधा या कोरड्या गाठीचा असतो.

बारीक शेंड्याचा हेतू केवळ न दिसणे एवढाच नाही. प्रवाह जाड दोरीला ओढतो आणि त्या ओढीने माशी पाण्यावर अनैसर्गिक रेघ काढीत जाऊ लागली की ट्राउट तिच्याकडे पाठ फिरवितो. लवचिक शेंडा माशीला काही क्षण तरी पाण्याच्या गतीने मोकळी वाहू देतो. रंग कितीही अचूक असला तरी माशी अशी वाहिली नाही तर तो निरुपयोगी ठरतो.

रंगाविषयी मात्र शौकिनांत मोठे वाद आहेत. ट्राउटला रंग दिसतात, यात शंका नाही. परंतु तो माशी कोणत्या बाजूने पाहतो, यावर बरेच अवलंबून असते. पाण्याखालून वर पाहताना बाहेरचे जग त्याला सुमारे ९७ अंशांच्या एका गोल झरोक्यातून दिसते. झरोक्याबाहेर पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा भासतो. तरंगणारी माशी उजळ आकाशासमोर येत असल्याने तिचा आकार व छाया आधी नजरेत भरतात आणि रंग मागे पडतो. संध्याकाळी काळी माशी चालते ती यामुळेच. काही तरंगत्या माश्यांच्या पाठीवर पांढरा किंवा नारिंगी तुरा असतो. तो माशासाठी नसून काठावरच्या माणसाला आपली माशी दिसावी म्हणून असतो. याउलट, बुडत्या माशीवर बाजूने व वरून उजेड पडतो. तेथे तपकिरी, हिरवट वा करडी छटा महत्त्वाची ठरते. लाल प्रकाश पाण्यात सर्वांत आधी शोषला जातो, त्यामुळे खोल डोहात लाल माशी काळपट दिसते. गुडघाभर ओढ्यात हा फरक नगण्य असतो. बर्फ वितळून दुपारी पाणी गढूळ झाले की सूक्ष्म छटांचा उपयोग उरत नाही. मग गडद काळी किंवा चकाकती जर गुंडाळलेली माशीच घ्यावी. दुकानांतील पेट्यांत रंगांची जी रेलचेल दिसते ती माशापेक्षा गिऱ्हाइकाला भुलविण्यासाठी अधिक असते, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

रंग निवडण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे ओढ्यातील एक दगड उचलून पाहणे. मेफ्लायसारख्या कीटकांची पिल्ले अनेक महिने दगडांना चिकटून वाढतात. पंख फुटल्यावर मात्र ती जेमतेम एखादा दिवस जगतात. दगडाखाली जे आढळेल त्याच मापाची व छटेची माशी बांधावी आणि दगड होता तसा परत ठेवावा. हे कीटक सांडपाण्याला फार लवकर बळी पडतात, म्हणून दगडाखालची त्यांची वर्दळ ही पाणी स्वच्छ असल्याची खूण मानली जाते. सह्याद्रीतील ओढे ट्राउटला मानवण्याइतके थंड नसले तरी मेफ्लायची पिल्ले तेथेही सापडतात. शाळेच्या सहलीत ती विद्यार्थ्यांना सहज दाखविता येतील.

लीडर किती बारीक घ्यावा, याचा संबंध माशाच्या जगण्याशीही आहे. पकडलेला मासा परत सोडण्याची प्रथा आता बरीच रूढ झाली आहे. परंतु फार बारीक धाग्यावर मासा दहा-पंधरा मिनिटे खेळवीत राहिल्यास तो पार थकून जातो. पाण्यात सोडल्यावर पोहताना दिसला तरी पुढे काही तासांत मरू शकतो. पाण्याचे तापमान वीस अंश सेल्सिअसच्या वर गेले की प्राणवायू घटतो आणि हा धोका वाढतो. धागा तुटल्यास गळ माशाच्या जबड्यातच राहतो. यासाठी तेथील पाण्यात चालेल तितका जाड शेंडा वापरावा, गळाचा काटा पकडीने दाबून टाकावा, माशाला ओल्या हाताने धरावे आणि शक्यतो पाण्याबाहेर न काढताच गळ सोडवावा. मासा दमलेला वाटल्यास त्याचे तोंड प्रवाहाकडे करून तो स्वतःहून हातातून निघेपर्यंत आधार द्यावा. छाटलेले नायलॉनचे तुकडे मात्र काठावर टाकू नयेत, खिशात घालून परत न्यावेत. ते कुजत नाहीत आणि पाखरांच्या पायांत अडकतात.