घरटी वाढली म्हणजे कासवं वाढली का?

कोकणात साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात ऑलिव्ह रिडले कासवाच्या माद्या अंडी घालायला किनाऱ्यावर येतात. हंगाम संपला की बातमी येते, ‘यंदा घरटी वाढली!’ वाचून बरं वाटतं. पण तुम्ही संशोधनाच्या वाटेवर असाल, तर अशा बातमीपाशी थांबून एक प्रश्न विचारायची सवय लावून घ्या: हा आकडा नेमकं काय मोजतो?

मोजलं काय, बोलतोय कशाबद्दल?

आपण मोजतो घरटी आणि बोलतो कासवांच्या संख्येबद्दल. या दोहोंत बरंच अंतर आहे. एक मादी एका हंगामात एक ते तीन वेळा अंडी घालू शकते आणि ती दरवर्षी येईलच असंही नाही. नर तर पिल्लू असताना पाण्यात शिरला की सहसा परत किनाऱ्यावर येतच नाही. लहान, वयात न आलेली कासवंही समुद्रातच असतात. म्हणजे ३० घरटी म्हणजे ३० माद्या नव्हेत, आणि एकूण कासवं किती हे तर त्यावरून अजिबात कळत नाही.

शोधायला कोण, किती चाललं?

घरटी सापडतात ती कुणीतरी पहाटे किनारा पायी तुडवतो म्हणून. हे काम गावोगावचे कासवमित्र करतात. मादीच्या पावलांच्या खुणा भरतीने पुसल्या किंवा कुत्र्याकोल्ह्यांनी अंडी आधीच उकरली, तर ते घरटं नोंदीत येत नाही.

एक सोपं काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका गावात पहिल्या वर्षी ४ किमी किनारा तपासला आणि २० घरटी मिळाली. दुसऱ्या वर्षी ८ किमी तपासला आणि ३० मिळाली. बातमी होईल: दीडपट वाढ. पण दर किलोमीटरला घरटी ५ वरून ३.७५ वर आली. मग घट झाली म्हणायची का? तेही घाईचं. नवा पट्टा कदाचित खडकाळ असेल, तिथे मुळातच कमी माद्या येत असतील. खरी तुलना त्याच जुन्या ४ किमीची, तितक्याच फेऱ्या मारून केलेली. म्हणून घरट्यांच्या शेजारी ‘किती किमी, किती रात्री, किती माणसं’ हा रकाना हवाच. संशोधनाच्या भाषेत याला सर्वेक्षण-प्रयत्न म्हणतात.

वर्षांचं गणित

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने २००२ मध्ये गावकऱ्यांसोबत घरटी वाचवायला सुरुवात केली. पुढे हे काम इतर गावांतही पोहोचलं. मात्र ऑलिव्ह रिडले वयात यायला साधारण दहा ते पंधरा वर्षं लागतात. त्यामुळे संवर्धन सुरू झाल्यावर तीन-चार वर्षांत घरटी वाढलेली दिसली, तर त्याचं श्रेय आपण सोडलेल्या पिल्लांना देता येत नाही. ती पिल्लं अजून वयातच आलेली नसतात.

हॅचरीच्या आकड्याचंही तसंच. अंडी उबायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात आणि पिल्लू नर होणार की मादी, हे त्या काळातल्या वाळूच्या तापमानावर ठरतं. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त. ‘९० टक्के पिल्लं बाहेर आली’ हे यश खरंच आहे, पण त्यात नर किती हे त्या टक्केवारीत दिसत नाही.

एका टॅगची किंमत

२०२१ मध्ये ओडिशात भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने टॅग लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये थेट गुहागरला अंडी घालताना आढळली. पूर्व किनाऱ्यावरची मादी पश्चिम किनाऱ्यावर! ‘असं होतच नाही’ हे विधान खोडायला एक नोंद पुरते. पण ‘असं किती वेळा होतं’ हे सांगायला ती पुरत नाही. हा फरक वहीत लिहून ठेवा, मुलाखतीत उपयोगी पडेल. शिवाय माद्या किनारे बदलत असतील, तर एका किनाऱ्यावरची वाढ ही दुसरीकडची घटही असू शकते.

एवढा कीस कशासाठी?

कारण आकड्यांवर निर्णय होतात. ‘घरटी तर वाढतायत, मग बंधारा बांधायला किंवा किनाऱ्यावर प्रखर दिवे लावायला काय हरकत?’ असा युक्तिवाद सहज होऊ शकतो. बंधाऱ्यामुळे वाळूचा पट्टा गेला तर मादीला अंडी घालायला जागाच उरत नाही. दिव्यांमुळे पिल्लं समुद्राऐवजी जमिनीकडे वळतात. चुकीच्या अर्थाचं मोल द्यावं लागतं ते असं.

याचा अर्थ घरटी मोजणं निरुपयोगी आहे असा मुळीच नाही. एकाच पद्धतीने, त्याच पट्ट्यात, वर्षानुवर्षं केलेली मोजणी हा आपल्याकडचा फार मोलाचा डेटा आहे. फक्त तो जेवढं सांगतो तेवढंच त्याच्या तोंडी घालायचं.

आता तुमचं काम. तुमच्या विषयातला एखादा आकडा घ्या, मग तो खेकड्यांचा असो, कांदळवनाचा असो की पाणपक्ष्यांचा. त्याखाली चार ओळी लिहा: प्रत्यक्ष काय मोजलं? त्यावरून कशाचा अंदाज बांधला? मोजायला किती प्रयत्न घेतले? आणि काय नजरेआड राहिलं? या चार ओळी नीट जमल्या, तर सिनॉप्सिसमधला ‘कार्यपद्धती’ हा भाग निम्मा झालाच म्हणून समजा.