गोलरक्षक (हॉकी)

गोलरक्षक हा हॉकी संघाच्या बचावफळीतील अखेरचा खेळाडू होय. ३.६६ मीटर रुंद व २.१४ मीटर उंच गोलाचे रक्षण तो करतो. आपल्या वर्तुळात त्याला हात, पाय वा शरीराने चेंडू अडविता येतो. वर्तुळाबाहेर मात्र केवळ स्टिकनेच खेळावे लागते.

कौशल्ये

गोलरेषा सोडून चेंडूच्या दिशेने पुढे सरकल्यास आक्रमकाला दिसणारी मोकळी जागा कमी होते; परंतु फार पुढे आल्यास आक्रमक चेंडू बगल देऊन नेऊ शकतो. अडविलेला चेंडू समोर न सोडता कडेला टोलवावा लागतो, कारण परतलेल्या चेंडूवर पुन्हा फटका येतो.

मानसिक तयारी

बराच काळ चेंडू न येताही एकाग्रता टिकवणे आणि गोल झाल्यावर लगेच पुढील फटक्याकडे लक्ष देणे या स्थानासाठी अत्यावश्यक असते. राखीव गोलरक्षकाला तर खेळण्याची शाश्वती नसतानाही पूर्ण तयारीत राहावे लागते. २०१६ च्या आशियाई चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात कर्णधार पी. आर. श्रीजेश दुखापतीमुळे खेळू शकला नाही. तेव्हा हिंगोलीलगतच्या यवतमाळ जिल्ह्यातील आकाश चिकटे याने गोल सांभाळला आणि भारताने पाकिस्तानचा ३–२ असा पराभव केला.