घर विकण्यापूर्वी : आधी ओल, मग रंग

घर विकायचे ठरले की पहिला निरोप बहुधा रंगाऱ्याला जातो. भिंती उजळतात, दारांना पॉलिश होते आणि घर दाखवण्याजोगे झाले, असे मालकाला वाटते. प्रत्यक्षात पुनर्विक्रीची सदनिका तिघांच्या नजरेखालून जाते. ग्राहक जागा पाहतो, कर्ज देणाऱ्या बँकेचा मूल्यांकनकार मोजमापे घेतो आणि वकील कागदपत्रे तपासतो. तिघांपैकी एकाचेही समाधान झाले नाही, तर व्यवहार अडतो. इसाराच्या भरवशावर मालकाने दुसरे घर ठरवले असेल, तर तोही अडचणीत येतो.

सर्वांत मोठा प्रश्न ओलीचा. ओल्या भिंतीवर लावलेला रंग फार तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकतो. त्यामुळे आधी पाणी कोठून येते ते शोधावे : न्हाणीघरातील लाद्यांच्या सांध्यांतून, वरच्या मजल्यावरून, की बाहेरच्या भिंतीच्या तड्यांतून? गच्ची व बाहेरच्या भिंतींची दुरुस्ती सर्वसाधारणपणे गृहनिर्माण संस्थेने, तर न्हाणीघरातील अंतर्गत गळतीची संबंधित सभासदाने करायची असते. दुरुस्तीनंतर भिंत पूर्ण वाळू द्यावी, मगच रंग काढावा. दुरुस्तीची बिले जपून ठेवावीत. ग्राहकाला त्यांचा विश्वास वाटतो.

दोष झाकणे कायद्यालाही मान्य नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५५ नुसार, विक्रेत्याला ठाऊक असलेला, पण ग्राहकाला सर्वसाधारण काळजी घेऊनही न दिसणारा महत्त्वाचा दोष विक्रेत्याने सांगितला पाहिजे. करारात वेगळे ठरलेले नसताना तो न सांगणे हे कपट मानले जाते.

मूल्यांकनकाराचे लक्ष मंजूर नकाशाकडे असते. बंद केलेली बाल्कनी किंवा काढून टाकलेली भिंत त्याच्या नजरेतून सुटत नाही. अशा बदलांना परवानगी आहे का, हे आधीच पाहावे. नसल्यास इसार घेण्यापूर्वीच सांगावे. इमारत जुनी असेल, तर संरचनात्मक तपासणीचा अहवाल संस्थेकडून मिळवावा. आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीची तपासणी दर ५ वर्षांनी, तर त्याहून जुन्या इमारतीची दर ३ वर्षांनी अपेक्षित असते.

वकिलासाठी एक फाइल तयार ठेवावी. तिच्यात बिल्डरशी झालेल्या पहिल्या करारापासूनची सर्व करारपत्रे, नोंदणीच्या पावत्या, सूची क्रमांक २, भागपत्र, भोगवटा प्रमाणपत्राची प्रत, मालमत्ता कर व देखभाल शुल्काच्या ताज्या पावत्या असाव्यात. घरावर कर्ज असल्यास मूळ कागद बँकेकडे असतात. तेथून त्यांची यादी व शिल्लक रकमेचे पत्र घ्यावे. भागपत्र हरवले असेल किंवा त्यावर अद्याप दिवंगत वडिलांचेच नाव असेल, तर ते काम जाहिरात देण्यापूर्वीच हाती घ्यावे, कारण त्याला वेळ लागतो.

घर दाखवायचे ते दिवसाउजेडी. अडगळ काढावी, खिडक्या उघडाव्यात, सगळे नळ व दिवे चालू आहेत याची खात्री करावी. भिंतीला टेकलेले कपाट थोडे पुढे ओढून ठेवावे, म्हणजे मागची भिंतही पाहता येते. सांगितलेल्या दोषापायी किमतीत थोडी घासाघीस होईल. झाकलेला दोष मात्र उघडकीस आला, की ग्राहक बाकीच्या घराकडेही संशयाने पाहू लागतो.