मुंबईचा किनारा एका दिवसात : ससून डॉक ते मढ, कोळीवाड्यांची वाट

मुंबई : परगावाहून मुंबईत येणाऱ्याला समुद्र दिसतो तो बहुधा मरीन ड्राइव्हच्या कठड्यावरून किंवा जुहूच्या वाळूवरून. या दोन ठिकाणांच्या आगेमागे शहराहूनही जुन्या वस्त्यांची एक साखळी पसरलेली आहे, ती मात्र नजरेतून सुटते. कुलाबा, वरळी, माहीम ही एकेकाळची स्वतंत्र बेटे. ती भराव घालून जोडली जाण्याच्या कितीतरी आधीपासून तेथे कोळी समाजाची वस्ती होती, आणि ज्या मुंबादेवीवरून शहराचे नाव पडले तीही कोळ्यांचीच देवी. पहाटेपासून सूर्यास्तापर्यंतचा एक दिवस काढला, तर दक्षिणेकडून उत्तरेकडे हा किनारा पाहून होतो. कोळीवाड्यांच्या प्रश्नात घरांइतकीच मोकळी जमीन आणि होड्यांची वाट का महत्त्वाची असते, हेही त्या एका दिवसात उमगते.

पहाट : ससून डॉक

दिवसाची सुरुवात उजाडण्यापूर्वी कुलाब्याच्या ससून डॉकवर करावी. डेव्हिड ससून यांचे पुत्र अल्बर्ट ससून यांनी १८७५ मध्ये बांधलेली ही गोदी आज शहरातील प्रमुख मासळी बंदरांपैकी एक आहे. रात्री परतलेल्या बोटींतून मासळीच्या पाट्या धक्क्यावर उतरतात, बर्फ फोडला जातो आणि लिलाव सुरू होतो. येथेच कामाची जुनी विभागणी दिसते. समुद्र तांडेल आणि खलाशांचा, तर बाजार स्त्रियांचा. भाव ठरवणे, माल उचलणे आणि तो शहरभरच्या मंडयांत नेऊन विकणे ही कामे मुख्यतः कोळिणी करतात. आडोशाला बसून कोळंबी सोलणाऱ्या स्त्रियांत अनेक जणी अन्य समाजांतील आणि अन्य प्रांतांतून आलेल्या असतात. एका बंदरावर किती जणांचे पोट अवलंबून असते, याचा अंदाज येथे येतो.

जवळच कफ परेडला उंच इमारतींच्या पायथ्याशी मच्छीमार नगर आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यातील दहशतवादी याच भागात किनाऱ्याला लागले होते. त्यानंतर बोटींची नोंदणी, मच्छीमारांची ओळखपत्रे आणि सागरी गस्त यांवर भर देण्यात आला. समुद्रावर रोज जाणारा मच्छीमार हा किनाऱ्याचा पहिला पहारेकरी असतो, याची जाणीव देशाला त्या घटनेने करून दिली.

सकाळ : गिरगाव आणि वरळी

वरळीला जाताना वाटेत गिरगाव चौपाटीवर थोडा वेळ थांबता येते. लोकमान्य टिळकांवर १९२० मध्ये येथेच अंत्यसंस्कार झाले आणि त्यांचा पुतळा त्या जागी उभा आहे. गणेश विसर्जनाची ही वाळू एरवी सकाळी शांत असते.

वरळी कोळीवाडा मात्र सावकाश पाहावा. समुद्रात शिरलेल्या चिंचोळ्या भूभागावर ही वस्ती आहे. तिच्या टोकाला वरळीचा किल्ला आहे, तर वस्तीत गोल्फादेवीचे मंदिर. अरुंद गल्ल्यांतून किनाऱ्यावर आल्यावर एकीकडे २००९ मध्ये खुला झालेला वांद्रे-वरळी सागरी सेतू दिसतो आणि दुसरीकडे २०२४ पासून टप्प्याटप्प्याने वाहतुकीसाठी उघडलेला किनारी रस्ता. शहराच्या वाहतुकीचे दोन मोठे प्रकल्प याच वस्तीच्या दाराशी एकत्र येतात.

त्यावरूनच येथे दीर्घ संघर्ष झाला. किनारी रस्त्याविरुद्धच्या याचिकांमध्ये वरळीच्या मच्छीमारांचीही याचिका होती. जुलै २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्रकल्पाची किनारा नियमन क्षेत्राची मंजुरी रद्द केली. डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयास स्थगिती दिल्याने काम पुन्हा सुरू झाले. त्यानंतर वाद उरला तो पुलाच्या खांबांमधील अंतराचा. मूळ आराखड्यात हे अंतर ६० मीटर होते. नकाशावर ते पुरेसे वाटते. पण उधाणाच्या लाटांत, आडव्या वाऱ्यात आणि प्रवाहात होडी सरळ रेषेत चालत नाही. खांबावर आदळण्याचा धोका आणि एकाच वेळी ये-जा करणाऱ्या होड्या लक्षात घेऊन मच्छीमारांनी १६० मीटरची मागणी केली होती. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये एक खांब कमी करून हे अंतर १२० मीटर करण्याचा निर्णय झाला. ही तडजोड होती. तरीही समुद्राचे अनुभवातून आलेले ज्ञान अभियांत्रिकी आराखडा बदलू शकते, याचे ते उदाहरण ठरले.

दुपार : जुहू आणि वेसावे

माहीम आणि वांद्रे मागे टाकून जुहूला पोहोचल्यावर भेळेच्या गाड्यांपलीकडे, किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला मोरागाव हा कोळीवाडा आढळतो. तेथून उत्तरेला वेसावे, म्हणजेच वर्सोवा. २०१५ मध्ये नागरिकांनी सुरू केलेल्या स्वच्छता मोहिमेमुळे हा किनारा देशभर चर्चेत आला. मार्च २०१८ मध्ये येथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्राकडे जाताना दिसली होती.

वेसाव्याची खरी ओळख मासेमारीची. येथील आणि समोरच्या मढच्या मच्छीमारांचे पारंपरिक साधन म्हणजे डोल जाळे. पिशवीच्या आकाराचे हे जाळे समुद्रात पक्के बांधतात आणि भरती-ओहोटीचा प्रवाहच मासळी त्यात आणून सोडतो. त्यामुळे कामाचे वेळापत्रक घड्याळापेक्षा चंद्राच्या कलांवर ठरते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात प्रवाह जोरकस, तर भांगाच्या दिवसांत मंद असतो. धक्का एखाद्या दिवशी गजबजलेला आणि आठवड्याने निवांत का दिसतो, याचे उत्तर बहुधा येथेच सापडते.

संध्याकाळ : मढ आणि एरंगळ

वेसाव्याहून मढला जाणारी फेरीबोट खाडी काही मिनिटांत पार करते. रस्त्याने हाच प्रवास मालाडमार्गे वीस किलोमीटरहून अधिक होतो. पलीकडे उतरताच शहर मागे पडल्यासारखे वाटते. पुढे एरंगळ येथे पोर्तुगीज काळातील सेंट बोनाव्हेंचर चर्च आहे. जानेवारीत तेथे भरणाऱ्या जत्रेला विविध धर्मांचे लोक येतात. कोळी समाजात हिंदू आणि ख्रिस्ती दोन्ही असल्याचे या पट्ट्यात ठळकपणे जाणवते.

मढच्या मोकळ्या जागांत बांबूच्या आडव्या दांड्यांवर बोंबील वाळत असतात. दोन-दोन बोंबील तोंडात तोंड अडकवून टांगले जातात. जवळा जमिनीवर पसरतात. बोंबलात पाण्याचे प्रमाण फार असल्याने तो लवकर खराब होतो. ताज्या मासळीस भाव मिळाला नाही, तर ती सुकवणे हाच तोटा टाळण्याचा मार्ग असतो. पावसाळी बंदीच्या काळात, म्हणजे पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलैदरम्यान, हीच सुकी मासळी अनेक घरांना हात देते.

म्हणूनच कोळीवाड्यांच्या सीमांकनाचा प्रश्न नाजूक आहे. केंद्राच्या २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेत बृहन्मुंबईतील कोळीवाड्यांचे नकाशे तयार करून त्यांना विशेष दर्जा देण्याची तरतूद होती. मात्र हद्द आखताना केवळ घरे मोजायची, की मासळी सुकवण्याच्या, जाळी विणण्याच्या आणि होड्या ओढून ठेवण्याच्या जागाही धरायच्या, यावर मतभेद आहेत. बाहेरून पाहणाऱ्याला रिकामा वाटणारा भूखंड हे कोळी कुटुंबाचे कामाचे ठिकाण असते. ते गेले, तर घर जागेवर राहूनही व्यवसाय बंद पडू शकतो.

जाण्यापूर्वी

या फेरीसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा. निघण्यापूर्वी त्या दिवशीच्या भरती-ओहोटीच्या वेळा पाहून घ्याव्यात. धक्के निसरडे असल्याने पकड असलेली पादत्राणे घालावीत. ससून डॉकवर परवानगीशिवाय छायाचित्रे काढू नयेत. वस्त्यांमध्येही माणसांचे छायाचित्र घेण्याआधी विचारावे. वेसाव्यापर्यंत घाटकोपर-अंधेरी-वर्सोवा मेट्रोने जाता येते. तेथून धक्क्यापर्यंत रिक्षा मिळते. वाळत घातलेली मासळी आणि पसरलेली जाळी ओलांडू नयेत, वळसा घालून जावे. ज्या जागेवरून आपण चालतो ती कोणाच्या तरी रोजच्या कामाची आहे, एवढे भान पाहुण्याने ठेवले तरी पुरे.