मताचे वजन आणि मताचा धनी
(विकेंद्रित समाजमाध्यमे : लेखांक पाचवा)

मागील लेखांकात आपण पाहिले की, ज्या समाजमाध्यमाची खातेवही एका कंपनीच्या दप्तरात न राहता अनेक संगणकांवर एकाच वेळी लिहिली जाते, तेथील लेख पुसून टाकणे कोणाही अधिकाऱ्याला जवळजवळ अशक्य होते. पुसता येत नाही. पण झाकता मात्र येतो, आणि आज त्या झाकण्याचाच विचार कर्तव्य आहे. २०१६ साली सुरू झालेल्या स्टीमिटवर वाचकांच्या मतांनुसार लेखकाला स्टीम नावाच्या नाण्यांत मोबदला मिळे. परंतु मताचे वजन मतदात्याने गुंतवलेल्या नाण्यांच्या प्रमाणात ठरे, आणि प्रतिकूल मताचेही तसेच. त्यामुळे एखाद्या गडगंज खातेदाराची इतराजी झाली, की शेकडो सामान्य वाचकांनी मिळवून दिलेला मोबदला त्याच्या एका मताने शून्यावर येई, लेखकाची पत घसरे आणि लेख पानावरून दृष्टीआड होई. मूळ मजकूर खातेवहीत शाबूत असे, हे खरे. पण तेवढ्यावर समाधान मानणारा लेखक माझ्या तरी पाहण्यात नाही.

कारभाराच्या निवडणुकीत हा दोष अधिकच उघडा पडला. स्टीमचे नियम बदलण्याचा अधिकार सर्वाधिक मते मिळालेल्या वीस ‘साक्षीदारां’च्या हाती असे, प्रत्येक खातेदाराला तीस उमेदवारांस मत देता येई, आणि त्याचे सारे वजन त्या तिसांपैकी प्रत्येकाच्या पारड्यात पूर्णच्या पूर्ण पडे. अशा पद्धतीत इतरांहून रतिभर अधिक वजन ज्याच्यापाशी, त्याच्याच पदरात विसाच्या वीस जागा पडतात.

मुंबईकरांना हे गणित नवे नाही. १८८८ च्या कायद्यान्वये महापालिकेच्या ७२ सभासदांपैकी १६ जण शहरातील जे. पी. (जस्टिस ऑफ द पीस) मंडळी निवडीत. सर फिरोजशहा मेहता यांचे महापालिकेतील वर्चस्व मोडण्याकरिता १९०७ साली अकाउंटंट जनरल हॅरिसन, ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे संपादक लोव्हॅट फ्रेझर प्रभृतींनी आपसांत मसलत करून सोळा नावांची यादी मुक्रर केली, आपल्या बाजूची मते त्याच यादीकडे वळवली, आणि मोजणीत मेहता सतरावे आले! पुढे निवडून आलेल्यांपैकी एकजण अपात्र ठरल्याने त्यांना जागा मिळाली, ही गोष्ट निराळी. आज त्यांचा पुतळा बोरीबंदरासमोर महापालिकेच्या दारात उभा आहे. ज्या कायद्याच्या घडणीत त्यांचा स्वतःचा हात होता, त्याच कायद्याच्या आधाराने त्यांना बाहेर ठेवण्याचा घाट घातला गेला होता.

स्टीमवर मात्र मतदार आपल्या मताचा धनीही उरला नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये जस्टिन सन यांनी स्टीमिट कंपनी विकत घेतली, तेव्हा कंपनीच्या पदरी असलेला नाण्यांचा प्रचंड साठाही त्यांच्याकडे आला. त्याचे भय वाटून तत्कालीन साक्षीदारांनी तो साठा गोठवला. ही सुद्धा न्यायनिवाड्यावाचूनची जप्तीच होती, हे त्यांच्या कैवाऱ्यांनी विसरू नये. २ मार्च रोजी बायनान्स, हुओबी व पोलोनिएक्स या विनिमय केंद्रांनी ग्राहकांनी ठेवलेली नाणी गुंतवून सन यांच्या बाजूने मतदान केले आणि जुने वीसही साक्षीदार पदच्युत झाले. गुंतवलेली नाणी मोकळी करण्यास तेरा आठवडे लागत. म्हणजे ठेव ग्राहकाची, मत केंद्राचे आणि खोळंबा पुन्हा ग्राहकाचाच. पुढे बोभाटा झाल्यावर बायनान्स व हुओबी यांनी आपली मते काढून घेतली.

गिरगावातील वा लालबागमधील साध्यासुध्या सहकारी गृहनिर्माण संस्थेत असा प्रकार होऊ शकत नाही, कारण महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० प्रमाणे सभासदाचे भाग कितीही असोत, मत सामान्यतः एकच, आणि तेही मुखत्यारामार्फत नव्हे, जातीने द्यावयाचे. त्या सभांतली भांडणे पुष्कळ ऐकली आहेत. पण कोणी शेजाऱ्याच्या भागांवर मतदान केल्याचे ऐकिवात नाही.

२० मार्च २०२० रोजी स्टीमवरील असंतुष्टांनी साऱ्या खातेवहीची नक्कल करून, कंपनीचा साठा वगळून, ‘हाइव्ह’ हा वेगळा संसार थाटला. त्याच वर्षी ऑक्टोबरात तेथे नियम झाला की, नव्याने गुंतवलेल्या नाण्यांना साक्षीदारांच्या निवडणुकीत तीस दिवस मत नाही. रातोरात उसनी फौज उभी करण्यास त्याने चांगलाच पायबंद बसला. मत नाण्यांच्या वजनाने मोजावयाचे आणि ते तीस उमेदवारांना पूर्णच्या पूर्ण द्यावयाचे, ही दोन्ही कलमे मात्र तेथेही कायम राहिली. प्रतिकूल मताचे तेथे पुढे काय झाले, ते पुढील आठवड्यात पाहू.